ट्यूना धरला कुणी?

अंदमानला गेलतो तवाचं सांगतो. आम्ही जैन, घरात अंडंसुद्धा येत न्हाय. मित्र सुहास म्हणाला, "चार दिवस बोटीवर राहायचं. मी मासे धरतो, तू नुसता समुद्र बघ." तिसऱ्या दिवशी त्याच्या गळाला ट्यूना लागला आणि सुहासच्या पाठीत उसण भरली. त्यानं रॉड माझ्या हातात कोंबला. "सोडू नकोस!"

तासभर ओढल्यावर माझ्याएवढा मासा वर आला. बोटवाल्यानं विचारलं, "ठेवायचा का सोडायचा?"

मी ओरडलो, "सोडा!"

मासा खोल गेला. बरं वाटलं का वाईट, मलाच कळंना.

सुहासला घेऊनच शाहूपुरीत घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सोडायचाच हुता, तर धरलास कशाला?"

मी सुहासकडं बघितलं.

"मला विचारू नका काकू," तो म्हणाला, "मासा यानंच धरला की!"