दाराबाहेरचा पोलीस

नका उघडू. बरोबर आहे तुमचं बाई, अजिबात नका उघडू — पोलीस म्हणून कुणीही आला तरी दार उघडायचं नाही, हे मीच तर सांगून गेलेलो तुमच्या सोसायटीत, गणपतीच्या आधी, खाली मंडपात. लिफ्टजवळ तो 'सावध राहा'चा कागद आहे ना, तो पण मीच चिकटवलाय, डिंक पण माझाच. आता तोच कागद माझ्या अंगाशी आलाय. बाई म्हटलेलं चालेल ना? पाटीवर वाचलं, निवृत्त मुख्याध्यापिका — मग बाईच म्हणणार, दुसरं काय. मी हवालदार काळुराम केणे. दारातल्या त्या भिंगातून बघा, हे कार्ड धरलंय. फोटोत मला केस आहेत, ते सोडा, भरतीच्या वेळचा आहे — पण नाक तेच आहे, बघा. आत तुमच्या फोनवर बसलेल्या त्या साहेबानं पण कार्ड दाखवलं असणार, माहितीये मला. माझ्यापेक्षा चकचकीत असणार.

तुमच्या रसिकाताईंचा फोन आलेला ठाण्यावर, बंगळुरूवरून. आई दोन दिवस फोन घेत नाही, मेसेज केला की एकच उत्तर, 'मी बिझी आहे'. रडत होत्या हो. म्हणाल्या, आई शाळा चालवत होती तेव्हा पण कधी मला बिझी म्हणाली नाही. आता त्या विमानात बसल्यात, येतायत. आणि ही पिशवी दिसते का? वर धरतो. तुमचं इन्सुलिन. मेडिकलवाला कालपासून दोन फेऱ्या मारून गेला, तुम्ही दार उघडलं नाही. मग मी आणलं, बर्फ घालून. बर्फाचं पाणी झालंय बाई, माझ्या बुटात चाललंय. घरातलं संपलं ना तुमचं? — बोलू नका, बोलायचं नाय म्हणून सांगितलं असेल त्यानं. नुसतं दारावर टक् करा. …केलंत. हां. संपलंय.

ऐका माझं. तो चोर आहे. तुमच्या नावाचं पार्सल पकडलं, त्यात ड्रग्ज निघाले, तुमचं आधार कार्ड वापरलं, आता तुम्ही अटकेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही — हेच ना? सगळ्यांना हेच सांगतात. फोनवरून अटक असा कायदाच नाही हो! अटक करायची म्हणजे माणूस लागतो, समोर उभा, घामेजलेला, माझ्यासारखा. बाईमाणसाला अटक करायची तर लेडीज कॉन्स्टेबल लागते. तिला आणणारच होतो मी पण — आमच्याकडे आज एकच आहे हजर, ती कोर्टात गेलीय. बाकीच्या सगळ्या टेंभी नाक्याला, देवीच्या बंदोबस्ताला. मी पण तिथूनच आलोय, पायाचे तुकडे पडलेत. बघा, हे असं सांगितलं की तुम्हाला वाटणार, हा कसला पोलीस. त्याच्यामागे झेंडा असेल, टेबल स्वच्छ असेल, एसी असेल. आमच्या ठाण्यात या, कपाटावर बादली ठेवलीय, वरून गळतं म्हणून. आणि तो तुमच्याशी दोन दिवस बोलतोय. दोन दिवस! जेवलात का, झोपलात का, सगळं विचारत असेल, मग धमकी देत असेल, मग परत मायेनं. आमच्याकडे कुणाला आहे एवढा वेळ? मागे एकदा तुमची चेन खेचली म्हणून तुम्ही ठाण्यात आलेलात, रसिकाताईंनी सांगितलं — किती वेळ बसवलं बाकड्यावर? मग तुम्हाला तो खरा वाटणार, मी खोटा. चूक तुमची नाही.

काय म्हणाला तो आत्ता? 'बाहर वाला फ्रॉड है' — ऐकू येतंय मला, स्पीकरवर आहे.

बरं. ते बोलून टाकतो, कारण मला कळतंय तुम्ही कशाला घाबरून बसलाय. मघाशी मी बेल मारली, पोलीस म्हणालो, आणि आतून त्याचा आवाज आला — 'कौन है? नाम बताओ, रँक बताओ!' — आणि मी काय केलं? मी 'जय हिंद सर' म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, टाचा जुळल्या माझ्या. खाडकन. बूट वाजले, तुम्ही ऐकलेत. नाव सांगितलं, बक्कल नंबर सांगितला, वर 'हुकूम सर' म्हणालो. एका चोराला! मला माहीत होतं हो आत चोर आहे, तेच बघायला तर आलेलो — पण तो आवाज बाई, तो हिंदीतला, वरून आलेला आवाज, तो कानात पडला की डोक्याला विचारायला वेळच नसतो, पाय आपोआप जुळतात. एवढी वर्षं झाली नोकरीला. झोपेत फोन वाजला तरी बायको म्हणते, अंथरुणात सरळ होता तुम्ही. आता तो तुम्हाला सांगतोय, बघा, तुमच्याच पोलिसानं सलाम ठोकला मला. आणि तुम्ही शिकलेलं माणूस, तुम्ही पुरावा बघता. पुरावा मीच दिला. लाज वाटते बाई, खरं सांगतो, फार लाज वाटते.

दार तोडा म्हणतायत हे मागचे लोक. हे तुमचे सेक्रेटरी ऋतुराज, जिन्यात उभे आहेत मोबाईल धरून, शूटिंग चाललंय. घ्या, घ्या, चेहरा नीट घ्या माझा. मी दार तोडलं आणि आत तुम्ही दचकून पडलात, काही झालं, तर संध्याकाळी सगळीकडे काय फिरेल? 'एकट्या वृद्धेच्या घरात पोलिसाची घुसखोरी'. गेल्या महिन्यात शीळफाट्याला एका पोराला बाईकवरून खेचलं मी — खेचलं म्हणजे, ट्रेलरखाली चाललेला तो, कॉलर धरून मागे घेतला. क्लिपमध्ये ट्रेलर दिसत नाही. फक्त माझा हात आणि त्याची कॉलर दिसते. चौकशी चालू आहे. माझ्या पोरीनं, दिशानं कॉलेजात सांगितलंय, पप्पा प्रायव्हेटमध्ये आहेत. दार तोडलं तरी मेलो, नाही तोडलं आणि तुमची साखर वाढून तुम्ही आत… तरी मेलोच. मी तुमच्याइतकाच अडकलोय बाई, फक्त तुम्ही आतून आणि मी बाहेरून.

थांबा एक मिनिट, फोन — जय हिंद सर. हो सर. डोंबिवलीतच सर, त्या म्हाताऱ्या बाईंच्या… नाही सर, उघडत नाहीत. हो सर. मंत्रिमहोदय सर? शीळफाट्याला? सर, दहा मिनिटं मिळाली तर… सॉरी सर. निघतो सर. पोहोचून हजेरीचा सेल्फी टाकतो ग्रुपवर. जय हिंद सर.

…हा खरा साहेब होता. बघितलंत ना भिंगातून? परत जुळल्या टाचा.

बाई, मला जायला सांगितलंय. ही पिशवी कडीला अडकवतो. मी खाली उतरलो की दार थोडं उघडा, एक हात बाहेर काढा, घ्या आणि लावून टाका. माझं तोंड पण बघू नका. एवढं तरी कराल? — काय म्हणतोय तो? जोरात बोल रे, ऐकू येत नाही. 'हवालदार, पीछे हटो, सस्पेंड कर दूंगा'? बाई, फोन दाराजवळ आणा. आणा हो, त्याला पण ऐकू द्या. आणलात?

ए! कंचा रं साहेब तू? आँ? कंच्या ठाण्याचा? माजे आयनी मिठागरान पाय फोरून मना मोठा केलाय, तुला सलाम ठोकाला नाय! बाई उपाशी हाय घरान, आन तू तिला औषध घेऊ देत नाय? कर सस्पेंड! चल, कर! काळुराम केणे नाव हाय माजा, लिहून घे, आन फोन ठेव मेल्या!

…बाई? आवाज गेला ना त्याचा? स्क्रीनवर काय दिसतंय? काळी झाली? — हां. कट केला. आता तुम्हीच सांगा, तुम्ही एवढ्या पोरांची परीक्षा घेतली — खरा साहेब असता तर हवालदाराच्या असल्या शिव्या ऐकून गुपचूप फोन ठेवला असता? माझी वर्दी उतरवली असती संध्याकाळपर्यंत. मी आयुष्यात कधी साहेबाला उलटं बोललो नाही बाई. आज बोललो, तो पण खोटा निघाला.

कडी वाजली. वाजली ना? ऋतुराजसाहेब, बंद करा तो मोबाईल. आता बंद करा, मी सांगतो म्हणून. आणि मिसेसना वर बोलवा, सांगा बाईंजवळ बसायला. — सावकाश बाई, सावकाश. पकडा मला. ही घ्या पिशवी, अजून गार आहे बघा. आधी सुई घ्या, लगेच दोन घास खा, शिळं असलं तरी चालेल. नाही, रडू नका, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. कुणीच अटक केलेली नाही तुम्हाला. या मिसेस बसतील तुम्ही म्हणाल तिथे… मी? मी नाही बसू शकत बाई. रसिकाताई येईपर्यंत? अहो रात्र होईल. ऐकलंत ना मघाशी — ते शीळफाट्याला…

बघा, वाजला. — जय हिंद सर. हो सर, निघालो सर. खालीच आहे सर, गाडीत बसतोय.

…बाही सोडा बाई.