अर्धी मी, अर्धी ती

परत पहिल्यापासून? अहो सिस्टर, डॉक्टरला सांगितलं, मुलाला सांगितलं, शेजारच्यांनी येऊन विचारलं त्यांनाही सांगितलं — आता तुम्ही आलात घरी. मी काय रेडिओ आहे, बटण दाबलं की सुरू? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय. इकडे पलंगावर बसा.

एकदाच सांगतो. घरात दोन कप. कान तुटलेला हिचा — म्हणजे आत पडलीय ती, माझी बायको — त्यात हिच्या बीपीच्या गोळ्या. धड कप माझा, त्यात माझ्या शुगरच्या. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही गोल, आणि पाकिटावरचं ते मुंगीनं लिहिल्यासारखं वाचणार कोण? मी? म्हणून पाकिटं कापून गोळ्या कपात टाकायच्या. वर्षानुवर्षं चाललं, डोळे मिटून चाललं! बिघडलं कधी? सूनबाई राहायला आल्या तेव्हा. स्वयंपाकघर आवरलं — आवरा की, कोण नको म्हणतंय — पण तुटका कप दिला फेकून आणि आणले दोन कोरे, निळ्या फुलांचे, जुळ्या भावांसारखे. आता कुठला कुणाचा? विचारलं नाही मी. स्वतःच्या घरातला कप सुनेला विचारायचा? दिली हिला गोळी. दुपारी ही घामानं चिंब, हात थरथरतायत, मला ओळखेना. साखर चाटवली, मुलानं उचलून दवाखान्यात नेली. वाचली. वाचली एकदाची.

पण तेव्हापासून माझ्या हातची गोळी घेत नाही ही. तोंड गच्च मिटते. सूनबाई असल्या तर आधी त्यांच्याकडे बघते, त्यांनी मान हलवली की गिळते. आणि सूनबाई तर सकाळीच कामावर जातात. मुलानं बजावलंय, गोळ्या चुकल्या तर आईला ताईकडे, आमच्या लेकीकडे, नेऊन ठेवणार. मग मी इथं काय भिंतींशी बोलू? म्हणून युक्ती काढली. हिची बीपीची गोळी मोडतो, अर्धी तिच्यासमोर मी खातो — बघ, विष नाही — मग उरलेली ती घेते.

काय झालं? पेन का थांबलं? रोज, हो. अहो, अर्धीनं काय होतंय! चक्कर येते की, या वयात कुणाला येत नाही? परवा मोरीत पडलो ते फरशी ओली होती म्हणून. हां, कोपर तिथंच फुटलं — दाबू नका! आणि हा पट्टा माझ्या दंडाला कशाला? तपासायला तिला आलात ना? किती आलं? एवढं कमी? फोन कशाला काढताय? मुलाला फोन नको. नको म्हणतोय ना! आज संध्याकाळीच नेईल तो तिला.

कपाला लाल दोरा बांधू म्हणता? बांधा, रीळभर बांधा. कपाचं मला कळतं हो. हिचं तोंड कसं उघडायचं, ते सांगा.

सूनबाईंना काही बोलू नका. त्या माझे पाय धरून रडल्या, बाबा, माझंच चुकलं म्हणाल्या. त्यांचं मिटलं. पण जन्मभर जी माझ्या हातचं खाऊनपिऊन निजली, ती आता माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी मुद्दाम — जाऊ द्या. उठा तुम्ही. करायचा तो फोन बाहेर जाऊन करा, माझ्या घरात नको. आणि जाताना आत डोकावलात तर सांगा, माफी मागायची राहिलीय म्हणावं. कुणी म्हणजे? तिनं! माझ्या बायकोनं.