पाण्याबाहेर आलेला उंबरा

होड्या पाण्यात उतरवायच्या रांगेत रूबेनच्या पुढे म्हातारी व्हर्ना आणि तिचा शेतकरी शेजारी क्लाइड उभी होती. रूबेनला सगळं ऐकू येत होतं.

"धरणाचं पाणी आणखी उतरलं, व्हर्ना. आता माझ्या लेट्यूसचं पाणी तोडणार."

"आमच्या जुन्या घराचा उंबरा मात्र वर आलाय."

"म्हणून हा झाडू?"

"गाव धरणात गेलं तेव्हा आईनं निघताना उंबरा झाडला नाही. म्हणाली, पाणीच येणार आहे, झाडून काय करायचं. मग जन्मभर रुखरुख लागून राहिली तिला."

"म्हणजे पाणी चढूच नये असं वाटत असेल तुला."

"वेडा आहेस. डोंगरावर बर्फ पडून त्याचं पाणी धरणात यावं म्हणून दर रविवारी चर्चमध्ये मागते मी. धरण भरायच्या आत तेवढं झाडून घेऊ दे."

क्लाइडनं तिच्या हातातल्या झाडूकडे पाहिलं.

"दुसरा झाडू आणलायस का?"