भिंतीवरची गार डबी

तो भिंतीवरच्या डबीखालचा डाग ना — कॉफीचा आहे तो. असा काय बघतोस, म्हातारीच्या हातून उडते कॉफी भिंतीवर. तू हा वाफेचा रेडिएटर काढायला आलायस ना, विल्मर — विल्मरच म्हणालास ना, शर्टावर लिहिलंय पण मला वाचता येत नाही — मग रेडिएटर काढ, भिंती कशाला तपासतोस. आणि हे काय खरडतोयस? वाच बघू. ‘डबीत पाणी गेलेलं आहे.’ बरं. हा कागद जाणार कुणाकडे? मॅनेजमेंटकडे. म्हणजे ते जुनी फाइल उघडणार आणि पुन्हा म्हणणार, बघा, त्या एउसेबिओनेच यंत्राची वाट लावली होती. नाही, बाबा. पाना खाली ठेव. खुर्ची ओढ. माझ्या नवऱ्याचं नाव त्या फायलीत पुन्हा जायचं नाही, आणि ते जाणार नाही असं तू म्हणेपर्यंत तो रेडिएटर जागचा हलायचा नाही.

सगळ्या इमारतीत बसली तुमची यंत्रं, एक माझंच घर राहिलंय, ठाऊक आहे मला. बॉयलर आठ दिवस बंद आहे, आठ दिवस मी कोट घालून बसलेय. बसेन. खिडकीवर खोगीर टाकल्यासारखं ते तुमचं पांढरं धूड — बाहेरच्या थंडीतून ऊब ओढतं म्हणे. ब्रॉंक्सच्या फेब्रुवारीतून ऊब! मग माझ्या फ्रीजमधून गरम सूप काढून दाखव की. तो समितीचा अध्यक्ष, चौथ्या मजल्यावरचा, कुत्र्याला स्वेटर घालतो तो, मला समजवायला आला होता, आजी, हे भविष्य आहे म्हणून. म्हटलं, मी एक्क्याऐंशीची, तुझं भविष्य तुझ्याच घरात ठेव. बस ना रे, उभा काय राहतोस.

तर ऐक. एक होता एउसेबिओ, एक होती त्याची बायको एर्मिनिया, एक होती त्यांची लेक निडिया, आणि तळघरात होता एक बॉयलर — तोही घरातलाच धर, कारण एउसेबिओ लेकीपेक्षा त्याच्याशी जास्त बोलायचा. आम्ही दोघं पोर्तो रिकोच्या डोंगरातले, थंडी म्हणजे काय ते माहीत नसलेले, आणि हा माणूस इथे येऊन सत्तर घरांना ऊब द्यायला लागला. केअरटेकर होता इमारतीचा. नळीला कान लावून सांगायचा — तिसऱ्या मजल्यावर त्या बाईने रेडिएटरची चावी अर्धीच उघडलीय, म्हणून ठोके पडतायत. जायचा, पूर्ण उघडून यायचा. ठोके बंद. शाळा? माझ्याइतकीच, म्हणजे नाहीच.

मग एक वर्षी टाय लावलेला इंजिनियर आला आणि ही डबी घेऊन आला. आता म्हणे बॉयलर माणसाने चालवायचा नाही, डबी चालवणार. डबीला गार वाटलं की बॉयलर पेटणार, ऊबदार वाटलं की विझणार. आणि लावली कुठे? इथे, पहिल्या मजल्यावर, माझ्या भिंतीवर — केअरटेकरचं घर, इथे कुणी हात लावायचं नाही म्हणून. एउसेबिओ टोपी हातात धरून म्हणाला, साहेब, वाफ इथे आधी येते, सहाव्या मजल्यावर शेवटी पोचते. इथली डबी तापेल, बॉयलर विझेल, वरचे गारठतील, डबी वर लावा. साहेब हसले. मी इथेच उभी होते हातात कॉफी घेऊन, आणि त्या कॉफीत थुंकावंसं वाटलं मला — थुंकले नाही, त्याचा पस्तावा आहे.

सहाव्या मजल्यावर कोण राहायचं? निडिया. आणि त्याच हिवाळ्यात तिची यारेलिस झाली, सातव्या महिन्यात, मुठीएवढी, छातीत घरघर. तिच्या खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघायची. मी एउसेबिओला म्हटलं, अरे, दहा मिनिटं जास्त पेटव. तो म्हणाला, “मी डबीला हात लावणार नाही म्हणून शब्द दिलाय. आणि वाफ सगळ्यांची आहे, केअरटेकरच्या पोरीची जास्त नाही.” असा माणूस. शब्द दिलाय म्हणे. नात निळी पडतेय आणि हा शब्द घेऊन बसलाय.

मी नव्हता दिला शब्द.

तुरीचे ओले दाणे असतात ना, भातात घालतो आपण, ते बर्फासारखे गोठवलेले पिशवीत मिळतात — दोन पिशव्या आणल्या. एक डबीवर टांगायची, दुसरी फ्रीजरमध्ये, दोन तासांनी अदलाबदल. वरून झाकायला कॅलेंडर. डबीला वाटायचं घरात हिमवादळ आलंय — आणि खाली बॉयलर असा पेटायचा, असा पेटायचा, की वाफ धावत सहाव्या मजल्यावर. यारेलिसचे गाल चौथ्या दिवशी गुलाबी झाले. बाकी इमारत भाजून निघाली, निघू दे. जानेवारीत खिडक्या सताड उघड्या टाकून लोक बनियनवर बसलेले. इंजिनियर तीनदा आला, शिकलेला माणूस, तळघरात सगळं मोजून गेला, कॅलेंडर काही उचललं नाही त्याने. ते दाणे विरघळून-गोठून लगदा झाले की मी भातात टाकायची, आणि एउसेबिओ खाऊन म्हणायचा, हल्ली तुझ्या हाताची चव गेली गं.

हसू नकोस. कारण बॉयलरचं तेल भराभर संपायला लागलं आणि नाव आलं त्याच्यावर. म्हातारा झालाय, यंत्र कळत नाही त्याला. तो खाली तास-तास उभा राहायचा, नळीला कान लावून. तिसऱ्या हिवाळ्यात तळघराची किल्ली काढून घेतली त्याच्याकडून, घर तेवढं राहू दिलं. वर आला, इथे, तू बसलायस त्याच खुर्चीत बसला, आणि म्हणाला, “मिनिया, मला आता त्याचं ऐकू येत नाही.” बस, एवढंच. आणि मी — पिशवी तेव्हा भिंतीवर होती, कॅलेंडरमागे, त्याच्या डोक्यापासून हातभर — मी त्याला कॉफी दिली.

सांगायला हवं होतं, मला नको शिकवूस. यारेलिस दोन वर्षांची होती, छाती तशीच. सांगितलं असतं तर त्याने त्याच मिनिटाला पिशवी उतरवून मॅनेजमेंटला नेऊन दिली असती, तुला नाही माहीत तो. आठ वर्षं जगला त्यानंतर. कान बिघडले समजून गेला.

मग पोरगी मोठी झाल्यावर का नाही थांबवलं? वा, डोकं आहे म्हणायचं तुला. अरे, थांबवलं असतं तर बॉयलर शहाण्यासारखा चालला असता, आणि नवा केअरटेकर मिरवला असता — बघा, तो म्हातारा गेला आणि सगळं सुरळीत झालं. ते मी होऊ देणार होते? चार केअरटेकर बदलले त्याच्यानंतर, चौघांचा घाम काढला मी, तुरीच्या दाण्यांवर. सव्वीस हिवाळे. चौघांनाही जमलं नाही म्हटल्यावर एउसेबिओला नाही जमलं, यात काय विशेष, असं लोकांनी म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि लोक काय म्हणाले? कुणाला त्याचं नावसुद्धा आठवत नाही. फाइल सोडून.

थांब, फोन. — हं, बोल निडिया. आणलंस दोघींना दवाखान्यातून? कधी? मग मला आधी नाही सांगायचं? यारेलिस चालतेय नीट? झोपव तिला. आणि बाळ — कुठे ठेवलंय बाळाला? त्याच खोलीत? अगं, डोकं फिरलंय का, त्या खोलीत... काय? पुन्हा बोल. पाय उघडे? दुपटं काढून टाकलं म्हणजे? कुणी काढलं? ... तिनेच लाथेने. ... अगं, हात लावून बघ तळव्यांना. ... हं. ... हं. ... नाही, रडत नाहीये, माणूस बसलाय माझ्याकडे, रेडिएटरचा.

पणती आली माझी. यारेलिसची मुलगी. सहाव्या मजल्यावर, त्याच खोलीत, पाय उघडे टाकून झोपलीय म्हणे, तळवे कोमट. आणि खाली कुणी काही पेटवलेलं नाही.

कागद घे. लिही — डबी सहाव्या मजल्यावर हवी होती, एउसेबिओने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याचा बॉयलर ठीक होता आणि त्याचा कानही ठीक होता. डबीत पिशव्यांचं पाणी कुणी घातलं तिथे माझं नाव लिही. एर्मिनिया. पूर्ण लिही, अर्धवट नको. वाचून दाखव. ... हं. चालेल.

आता काढ तो रेडिएटर आणि बसव तुझं खोगीर. जाताना दार ओढून घे, मी चालले वर पणतीकडे, तुझ्यासाठी काही थांबत नाहीये. सरक, लिफ्ट आली माझी.