निवडुंगाचा पहिला घास

आमी केंदूरचं धनगर. माझा जलम तिकडचाच, पर घर असं कुठं व्हतं, मेंढरं जातील तिकडं आमचं घर. आन् तो फोन आधी पालथा ठिवा बरं, आवाज धरतोय म्हणता तर धरू द्या, पर माझ्याकडं बघत ऱ्हायलाय ते मला न्हाई आवडत.

तर काय सांगू तुम्हाला, रानात नवा पाला दिसला की माझा बा आधी म्हाताऱ्या मेंढीम्होरं टाकायचा. तिनं हुंगून त्वांड फिरवलं की आमी बी त्याला हात लावायचो न्हाई. निवडुंगाची लाल बोंडं तेवढी खायचो, मातीत घोळून काटं काढायचं, मग दिसभर जीभ लाल. पर पान? न्हाई बाबा. माझ्या धाकट्या भावाचा डोळा निवडुंगानं गेला, कुंपण तोडताना चीक उडाला, पांढरा, दुधावानी. तो काडीचा निवडुंग येगळा, आन् बोंडाचा चपट्या पानाचा येगळा, हे मला बी ठावं हाय, सांगू नका. पर डोळा माझ्या भावाचा गेला, तुमच्या भावाचा न्हाई.

लगीन हून मांडवगणला आले. मेंढरं कमी झाली, शेती आली, ऊस आला. एकच ल्योक, कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातो. त्याला शुगर निघाली. सून दौंडची, हुशार, गोड बोलती, लई गोड बोलती, म्हणून तर मी नजर ठिवते. ल्योकानं मेंढरांच्या चाऱ्याला म्हणून बांधाला बिनकाट्याचा निवडुंग लावला, नवाच, अजून घातला बी न्हवता, तर ही त्याची कवळी पानं घिऊन चुलीपाशी. आत्या, म्हणली, ह्याची भाजी करत्यात, शुगरवाल्याला चांगली, फोनात बघितलं. फोनात! मी म्हणलं, माझ्या एकुलत्या एका पोराला निवडुंग चारतीस व्हय?

तिनं सुरीनं कडा काढल्या, खरवडलं, भेंडीवानी चिरलं, आन् भेंडीपरीस बुळबुळीत. मी एकेक तुकडा दाबून बघितला, चीक येतोय का. पाणीच आलं. मग तिनं मीठ घालून उकडलं, पाणी वतून दिलं, लसूण, मिरची, दाण्याचं कूट. वास चांगला सुटला, त्याचा बी मला संशय आला.

कच्चा तुकडा उचलला आन् गोठ्यातल्या म्हाताऱ्या मेंढीला नेला. तिनं कचाकचा खाल्ला. सून म्हणली, झालं ना आता? पर माझा जीव आणखीनच खालीवर. ही मेंढी गोठ्यात पेंड खाऊन वाढल्याली, परवा तिनं सिमेंटची गोणी चावली व्हती. बाच्या मेंढीचं नाक हिला कुठलं?

तवर ल्योक शिफ्टवरनं आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. मी ताट वढलं. म्हणलं, आधी मी खाते, मला काय झालं न्हाई तर मग तू. घास उचलला तर सुनंनं माझ्याच ताटात हात घातला, म्हणली मग दोघी खाऊ, काय हुईल ते दोघींना हुईल. डोळ्यात पाणी व्हतं तिच्या. ल्योक उपाशी बघत बसला आन् आमी दोघी एका ताटात. जरा आंबट लागली, वंगाळ न्हवती.

आता ती भाजी सारखी करतो आमी. शुगरचं काय ते डाक्टरला ठावं. चिरताना सून पहिला तुकडा माझ्या हातात देती, बघा आत्या म्हणती, मी दाबून बघते. पोरगी चांगली हाय, देव तिचं भलं करो, पर आमची सवय कुठं जाती.

आज बी केलीया. भाकरी गरम हाय, बसा. अहो थांबा, हात घालू नका, आधी मला खाऊ द्या.