आपली बाटली

नसीम धर्मार्थ दवाखान्याच्या रांगेत उभी होती खरी, पण तिचे कान सगळे पुढच्या दोन माळणींकडं!

“सखुबाई, खिडकीशी कोण उभंय बघ. त्रिंबकशेठ!”

“तेलवाला? फुकटच्या औषधाला आला व्हय? लय चिकट गं, नवसाबाई!”

“परवा त्याचा भाऊ गेला ना, तो बी तसलाच. खांदा द्यायला चौथा माणूस मिळंना.”

“मग?”

“मग घाण्यावरचा फकिरा धावला. बारा वर्सं झाली त्याच्याकडं नोकरीला! घरी पोरगी तापानं फणफणलेली, तरी गेला.”

तेवढ्यात खिडकीतून कंपाउंडर ओरडला, “ताप कुणाला?”

“आमच्या फकिराच्या मुलीला,” शेठ म्हणाला.

नवसाबाईनं सखुबाईला कोपरानं ढोसलं.

“बाटली द्या,” कंपाउंडरनं हात पुढं केला.

“बाटली? ती तुम्ही नाही देत?”

अख्खी रांग हसली. “अहो शेठ, हितं बाटली आपली आणायची असती!”

सखुबाई मात्र पुढं झाली. “ही घ्या माझी. धुतलेली हाय.”

“आणि तुमचं औषध?”

“माझा खोकला जुनाच हाय, उद्या बघू. पोरीला आधी द्या.”

बाटली भरून घेऊन शेठ निघाला, दारापर्यंत गेला आणि तिथनंच माघारी आला.

“बाई, फकिराचं घर कुठं आहे हो?”