वळणाखाली वाजणारे गाणे

ग्रामीण पोलीस ठाणे, रत्नागिरी
दिनांक १६/१२/२०२५

मी, सौ. तेजस्वी सुजय भाटकर, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (आंब्याचा रस डबाबंद करण्याच्या कारखान्यात माल तपासनीस), राहणार भाट्ये, तालुका व जिल्हा रत्नागिरी. मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतः ठाण्यात आले असून समक्ष विचारल्यावरून खरे ते सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासू यांच्यासह राहते. कारखान्यात जाण्यायेण्यासाठी मी सायकल वापरते. रविवारी सुट्टी असल्याने सकाळी भाट्ये ते पावस व परत अशी फेरी मारते. माझ्यासोबत आमच्याच वाडीतील काशीराम धाकू गोताड, वय ६१, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, हे त्यांच्या सायकलवर असतात. मी त्यांना काका म्हणते. ते नात्याने कोणी नाहीत.

सायकल चालवताना कानात काही होते का, असे विचारल्यावरून सांगते की, मला गाणी ऐकण्याची सवय आहे. रस्त्याकडचा कान मी मोकळा ठेवते. चढाला मी सारंगी लावते, तीही संथ. जलद गाण्याने पाय पळतात आणि वर पोचेपर्यंत दम संपतो, असे माझे मत आहे. उताराला काहीच लावत नाही, तिथे वारा पुरतो. काकांचे मत वेगळे आहे. त्यांनी बाटलीच्या जागी छोटा स्पीकर बसवला असून त्यावर ते जाखडीची गाणी लावतात. ढोलकी आणि घुंगरांनी पायाला ताल मिळतो असे ते म्हणतात. त्यांचा स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो असे मी म्हणते. यावरून आमचे दर रविवारी वाजते, पण भांडण असे नाही.

दिनांक १४ रोजी आम्ही उजाडताना निघालो. गोळपचा सडा, म्हणजे कातळाचे माळरान, ओलांडून पावसच्या अलीकडे जो वळणाचा उतार आहे, त्याच्या तोंडाशी पाणी पिण्यास थांबलो. एका बाजूला जांभ्याची कापलेली दरड व दुसऱ्या बाजूला काजूची झाडी आणि खोल पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. मी काकांना म्हटले, "आज एकदा ऐकून तर बघा." त्यांचा स्पीकर बंद करायला लावला आणि माझे दोन्ही इयरफोन त्यांच्या कानात घातले. त्यामुळे त्यावेळी माझे दोन्ही कान रिकामे होते. एरवी तसे नसते.

काका डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाय, ह्याच्यात ताल कुठे हाय? दार कुरकुरतंय निस्तं."

इतक्यात पावसकडून दुधाचा टेम्पो चढून आला व आमच्या बाजूने रत्नागिरीकडे गेला. तो जवळ असताना मला लग्नातल्या हळदीचे गाणे ऐकू आले. टेम्पोवाल्याने लावले असेल असे वाटून मी लक्ष दिले नाही. नंतर टेम्पो दूर गेला, त्याचा आवाज संपला, तरी गाणे तिथेच राहिले. ते रस्त्यावरून नव्हे, पऱ्याच्या बाजूने येत होते. मी काकांच्या हाताला धरून म्हटले, "काका, ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "येतंय ना. कुरकुरतंय." मी त्यांच्या कानातील वायर ओढून काढली, आणि त्याच वेळी गाणे बंद पडले.

काकांनी काहीच ऐकले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण भास झाला असेल असे म्हणाले नाहीत. कठड्याशी जाऊन त्यांनी बसमध्ये देत तशी हाळी दिली, "खालती कोण हाय का?" उत्तर आले नाही. पुन्हा हाळी दिली. तेव्हा तेच गाणे, जिथे तुटले होते तिथून पुढे, मोठ्या आवाजात सुरू झाले.

आम्ही आवाजाच्या रोखाने वळणापर्यंत गेलो. तिथे गवत लोळलेले व एक काजू मोडलेला दिसला. खाली पांढऱ्या रंगाची लहान मोटार झाडाच्या बुंध्याला टेकून तिरकी अडकली होती. पुढचा भाग चेपला होता. रस्त्यावर बैलाचे ताजे शेण व जवळच चाकाची काळी खूण होती. बैल मी पाहिला नाही.

काका म्हणाले, "बाय, तू वरतीच र्‍हा. इथे रेंज हाय, खालती मिळायची नाय." असे म्हणून ते चपला काढून मुळ्या धरत उतरले. मी ११२ व १०८ या दोन्ही नंबरांना कळवले व रस्त्यात उभे राहून गाड्या थांबवल्या. थांबलेल्यांपैकी दोन इसम दोर घेऊन खाली गेले. दोघेतिघे कठड्यावरून मोबाईलमध्ये चित्रण करत राहिले. गाणे त्यावेळीही चालू होते. माणसे रस्त्यावर आहेत तोवर गाडीतल्या बाईंनी ते बंद केले नाही. उतरताना झाडीतून गाडी दिसत नव्हती आणि दोरवाले त्या आवाजावरच उतरत होते.

एका गृहस्थांना रस्त्यावर उभे करून मीही खाली गेले. चालकाच्या जागेवर सौ. मालन आत्माराम पाडावे, वय अंदाजे ५५, या मदतीसाठी गाणे लावून पतीची मान धरून बसलेल्या मिळून आल्या. त्यांचे नाव मला नंतर समजले. त्यापूर्वी मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांचा पाय डॅशबोर्डखाली चेंगरला होता. शेजारी त्यांचे पती आत्माराम बेशुद्ध होते. त्यांची मान पुढे पडत होती. मालनताईंनी डावा हात लांब करून त्यांची हनुवटी वर उचलून धरली होती. उजवा हात स्टेअरिंगवर होता व अंगठा आवाजाच्या बटणावर होता. काका व दोरवाले गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी गाणे बंद केले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय झालेलं नाय. ह्यांना आधी घ्या. मान सोडू नका, श्वास अडकतो."

काकांनी मागच्या फुटलेल्या काचेतून आत शिरून मागून आत्मारामभाऊंचे डोके धरले. म्हणाले, "वयनी, सोडा आता. मी धरलंय." त्यांनी हात सोडला नाही. काका पुन्हा म्हणाले. त्या म्हणाल्या, "सोडतेय हो मी. सुटत नाय." त्यांची बोटे आखडून गेली होती. मी खिडकीतून हात घालून ती एकेक करून उघडली. शेवटचे बोट सुटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटले त्या गेल्या. पण त्या म्हणाल्या, "श्वास चाललाय ना त्यांचा?" मी म्हटले, "चाललाय, ताई." त्यावर त्या रडू लागल्या. तोपर्यंत रडल्या नव्हत्या.

अॅम्ब्युलन्स आल्यावर आधी आत्मारामभाऊंना वर नेले. पत्रा कापून मालनताईंना काढायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी त्यांच्यापाशी होते. त्या बोलत राहिल्या व मी त्यांना बोलू दिले. त्यांनी सांगितले ते असे. आत्मारामभाऊ मालवाहू जहाजावर नोकरीस असून रजेवर घरी आले होते. पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले. अॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागणार होता, म्हणून त्यांना मागे न बसवता शेजारी बसवून त्या स्वतः गाडी घेऊन निघाल्या. त्या वर्षभरापूर्वीच गाडी शिकल्या होत्या. वळणावर बैल आडवा आला. त्याला चुकवताना गाडी खाली गेली.

खाली गेल्यावर पेट्रोलचा वास आला म्हणून त्यांनी इंजिन बंद केले, चावी मात्र अर्धी, म्हणजे गाणे लागेल एवढी, ठेवली. हॉर्न वाजेना. मोबाईल सीटखाली गेला होता. छातीला मार बसल्याने ओरडता येईना. गाडीत पुतण्याच्या लग्नातला पेन ड्राइव्ह होता. वरून गाडीचा आवाज आला की त्या गाणे मोठे करत व गाडी गेली की बंद करत. सारखे चालू ठेवले असते तर बॅटरी उतरली असती. असे करून चार-पाच गाड्या गेल्या. मी विचारले, "इतक्या गाड्या थांबल्या नाहीत, तुम्हाला वाटलं नाही की कोणाला ऐकू जात नाही म्हणून?" त्या म्हणाल्या, "वाटलं. काचा बंद असतात लोकांच्या. पण ह्यांचा श्वास चालू होता, मग मी काय थांबणार?" मान वर धरली की घसा मोकळा राहतो हे त्यांना आत्मारामभाऊंनीच शिकवले होते. जहाजावर ते शिकवतात.

सायकलचा आवाज होत नसल्याने आम्ही वर उभे आहोत हे त्यांना हाळी ऐकेपर्यंत माहीत नव्हते.

मला हळदीची गाणी आवडत नाहीत. त्यांत गाणाऱ्यापेक्षा कीबोर्डच जास्त ओरडतो असे माझे मत आहे व ते अजून तसेच आहे. परंतु तो ओरडत होता म्हणूनच झाडीतून वर पोचला. त्या पेन ड्राइव्हवर सारंगी असती तर मी पाणी पिऊन पुढे गेले असते.

त्याच दिवशी दुपारी मी व काका रुग्णालयात गेलो. आत्मारामभाऊंच्या हृदयावर उपचार झाले असून ते शुद्धीवर आहेत. मान तशी उचलून धरली नसती तर ते इथवर पोचले नसते, असे डॉक्टरांनी माझ्यासमोर मालनताईंच्या मुलीला, ऋतिकाला, सांगितले. मालनताईंच्या पायाचे ऑपरेशन झाले. उजवे मनगटही मोडलेले निघाले. म्हणजे ज्या हाताने त्या बटण दाबत होत्या तोच हात. तो दुखतो असे त्या मला खाली असताना एकदाही म्हणाल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "तीस वर्सं गाडीवर काढली, पण अशी बाई बघितली नाय." मग वाटेत त्यांनी स्पीकरही लावला नाही.

आज येण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, कठड्यावरून केलेले चित्रण काल आमच्या वाडीच्या ग्रुपवर आले. त्यात गाडी नीट दिसत नाही, गाणे मात्र मोठ्याने ऐकू येते. खाली लिहिले आहे की, बाई नवऱ्याला दवाखान्यात नेताना डीजे लावून गाडी चालवत होती. ऋतिकाने ते पाहिले आहे. आईला अजून दाखवलेले नाही. याच चित्रणावरून मालनताईंवर निष्काळजीपणाचा ठपका येईल असेही लोक बोलत आहेत. गाडी वरून खाली गेली तेव्हा मी तिथे नव्हते, म्हणून त्याबद्दल मी सांगू शकत नाही. परंतु आम्ही उताराच्या तोंडाशी थांबलो तेव्हा खाली शांतता होती. टेम्पो येताच गाणे लागले, गेल्यावर बंद झाले व हाळी दिल्यावर पुन्हा लागले. हे मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकले आहे आणि विचाराल तिथे सांगेन. काकाही उद्या जबाब देण्यास येणार आहेत.

माझा जबाब हवालदार साहेबांनी संगणकावर घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "मोठ्या आवाजात गाणी चालू असलेल्या गाडीत मिळून आल्या" असे होते, ते मी "मदतीसाठी गाणे लावून पतीची मान धरून बसलेल्या मिळून आल्या" असे बदलून घेतले. ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. आता सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.

समक्ष सही
सौ. तेजस्वी सुजय भाटकर